हात खाली

भिंगरी आमच्या घरातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आगाऊ व्यक्ती. तिचे कान एका जातीचे, पाय दुसऱ्या जातीचे, आणि आवाज तिच्या तिप्पट कुत्र्याला शोभेल असा. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, मागे आमचा संसार. भिंगरीसाठी रोज सकाळी लोहचुंबक फिरवून जमिनीवरच्या टाचण्या वेचायच्या, मग तिला बाहेर हिंडवून आणायचं, मगच पहिलं गिऱ्हाईक. नाहीतर ती खडूसुद्धा खाते.

तिने माझ्याकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला पाडलं, तेव्हा सगळं बिनसलं. ताई केस बांधत मागच्या खोलीतून येत होती, ही धावत जाऊन तिच्या छातीवर उडाली. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर अंथरुणाला खिळतील. त्या दिवसापासून ताई मला धरल्याशिवाय पाऊल टाकेना. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "मावशी, तू ठरव. कुत्री राहणार असेल तर रविवारी मी आईला घेऊन जातो."

ठरव म्हणे! जसं काही दोन कापडांतलं एक निवडायचं आहे. मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चालतं. दोघींपैकी कुणालाही मी जाऊ देणार नव्हते.

भिंगरीवर ओरडून झालं, तिला बांधून झालं. काही उपयोग नाही. मग बेकरीवाला पँटचं माप द्यायला आला. माझ्या तोंडात टाचण्या, भिंगरी त्याच्या पायाशी निवांत पसरलेली. मी मनात म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला? पँट झाली, कोटाचं माप घ्यायला मी त्याला खुणेनेच हात वर करायला सांगितलं, आणि बया उडालीच त्याच्या पोटावर!

मी टेप हातात घेऊन तशीच उभी राहिले. ती माणसावर उडतच नव्हती. ती वर गेलेल्या हातांवर उडत होती. आणि हे शिकवलं कुणी? आम्हीच. पिल्लू असताना कापडाच्या चिंध्या उंच धरून आम्ही तिला उड्या मारायला लावायचो, आणि सगळ्यांत जास्त हसायची ती ताई. आता भिंगरी आली की ताई घाबरून दोन्ही हात गळ्यापाशी न्यायची. भिंगरीला वाटायचं, चला, खेळ सुरू झाला.

त्याच संध्याकाळपासून शाळा भरली. चिंधी मिळेल ती जमिनीवर, आणि चारही पाय टेकले असतील तरच. भिंगरी हुशार, भराभर शिकली. ताईला मात्र शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले.

"ताई, हात!"

"आपोआप जातात गं वर."

"खाली घे. मांडीवर ठेव."

"तुला ती हवी, मी नको, असं सरळ सांग की."

मी चिंधी फेकून दिली. "मला दोघी हव्यात! तू गेलीस तर मी या घरात भांडू कुणाशी? ऊठ, पुन्हा करायचंय."

ताईने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण उठली. आधी खुर्चीत बसून, मग खुर्चीला धरून, मग काठी घेऊन. रोज जेवणाआधी आणि जेवणानंतर. भिंगरी आली की ताई डोळे घट्ट मिटून घ्यायची. मला तिची दया यायची आणि मी ती गिळून टाकायचे.

रविवारी घंटा वाजली. मी मशीनवरून उठणार तोच ताई म्हणाली, "बस खाली."

एका हातात काठी, दुसरा हात अंगाशी घट्ट. भिंगरी मागून सुसाट आली. ताईचा हात कमरेपर्यंत वर गेला. तिथे थांबला. परत खाली आला. भिंगरी तिच्या पायांना वळसा घालून दाराशी जाऊन बसली, म्हणजे बूड टेकल्यासारखं केलं. ताईने दार उघडलं.

भाचा मोठी बॅग घेऊन उभा. आईच्या पायाशी कुत्री बघून त्याने "अरे, अरे!" म्हणत हात वर केले, आणि भिंगरीने त्याच्या शर्टावर पंजे उमटवले.

"हात खाली घे रे, मूर्खा!" ताई कडाडली. "मग बसते ती."

त्याने हात खाली घेतले. भिंगरी बसली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. "आई, तू एकटी चालत आलीस?"

"मग काय उडत येऊ?"

त्याने बॅग खाली ठेवली नाही. "आणि पुन्हा पडलीस तर?"

ताईने काठी जमिनीवर रोवली. इथे राहायला आल्यापासून ती या जागेला कायम "हिचं घर" म्हणत आली होती. पाहुण्यासारखी विचारून दिवा लावायची.

"पडेन," ती म्हणाली. "पण माझ्या घरात पडेन."

मला समोरचं काही दिसेना. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले. कोटाची शिवण पार वाकडी गेली, तरी पाय थांबवला नाही.