हळदीचे अंगठे

“कोनाचं रायलं का गो?”

धवल्यात, म्हणजे लग्नाच्या गाण्यात, देवांना नावानं बोलावून झालं, की गोदूआत्या गाणं थांबवून अख्ख्या मांडवाला हे विचारायची. विचुंबे गावातली धवला गाणारी धवलारीण ती. भटजी येईपर्यंत अर्धं लग्न तिच्या गळ्यातून लागलेलं असायचं. गावदेवीपासून वेशीवरच्या दगडापर्यंत सगळ्यांना आवतण. एक नाव सुटलं तरी तो देव रुसतो, म्हणायची.

आई-बाबा गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ब्याण्णव साली मी आठवीत होते, खांदा कॉलनीतल्या खाजगी शाळेत. फी थकली. भरल्याशिवाय वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, असं शाळेनं सांगितलं. पनवेलातला एक ट्रस्ट गरजू मुलांची फी भरतो असं कळलं, तिथून फॉर्म आणला. सगळा मीच भरला. राहिली एक ओळ : दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या.

“प्रतिष्ठित म्हंजे?” आत्यानं विचारलं.

“ज्यांना मान असतो ते.”

“मंग दे मना.”

तिनं फॉर्म परत दिला तो शेवटच्या तारखेला, ट्रस्टच्या दारात. बघून मला रडूच फुटलं. समास भरलेले, पाठ भरलेली. वेड्यावाकड्या सह्या, आणि मधे मधे पिवळे अंगठे.

“वाट लावलीस गो फॉर्मची!”

आत ट्रस्टच्या चंद्रावतीबाईंनी चष्मा सावरला. “अहो, दोनच सह्या हव्या होत्या. कोण ही सगळी मंडळी?”

“माज्या नवऱ्या.”

कारकून फसकन हसला. “इतक्या?”

“एकतीस. धवला गाऊन मीच लगनं लावली त्यांची. मांडवात नवरीपेक्षा कोनाला जास्ती मान? नि त्यांतली कोनती वगलू?”

बाईंनी कागद नाकाशी नेला. “ही हळद?”

“सही येत नाय त्यांचे अंगठे. घरात शाई नवती.”

“आणि ह्या तुझ्या कोण गं?” बाईंनी मला विचारलं.

बाकावर माझ्या वर्गातली दिपा वडिलांबरोबर बसली होती. आत्या अनवाणी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

“शेजारीण,” मी म्हणाले.

आत्यानं पिवळी बोटं पदरात घेतली.

बाई एकेक नाव मोठ्यानं वाचत गेल्या. कोपऱ्यात बोटभर जागा उरली होती, तिथं ‘मंजूर’ लिहून त्यांनी सही केली.

“बत्तिसावी माझी.”

दहावीपर्यंत त्यांनी माझी फी भरली. दर निकालाला मी पेढे घेऊन त्यांच्याकडे जायचे, तर त्याच मला पेढा भरवायच्या.

नव्याण्णवला माझं लग्न. आत्या धवल्याला बसली. आवाज चिरकला होता, पण देव सगळे आले. देवांमागून त्या एकतीस जणींची नावं आली, मग चंद्रावतीबाईंचं. खुर्चीत बसल्या बसल्या आपलं नाव ऐकून बाई दचकल्याच, आणि त्यांनी हात जोडले.

आत्या थांबली. “कोनाचं रायलं का गो?”

“तुझं,” मी म्हणाले. मुंडावळ्या बांधलेली नवरी बोलली म्हणून मांडवात हशा पिकला. मी चंद्रावतीबाईंकडे वळले.

“बाई, तेव्हा मी खोटं बोलले. ही शेजारीण नव्हे. ही गोदू. माझी आत्या.”