निबंधातले पप्पा

प्रेमचंदने सकाळीच येऊन ओट्यावर बसकण मारली, चहाला नको म्हटलं आणि ललितभाऊंचा हात हातात घेतला, तेव्हा ललितभाऊंना वाटलं, गावात कुणीतरी गेलं.

"कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणी नही रे भाऊ. तू मनवर नको लेऊ. सुटी जाई. मन्हा साला सकाळपासूनच पेये, तो बी सुधरना."

"काय सुटी जाई?"

"दारू. दुसरं काय!"

ललितभाऊंनी आयुष्यात घेतलेलं सगळ्यात कडक पेय म्हणजे सुंठ घातलेला उसाचा रस. लग्नाच्या वरातीत पोरं बाटली घेऊन आडोशाला गेली की हे बिचारे त्यांच्या चपला राखत बसायचे. त्यांना आधी हसू आलं. मग प्रेमचंद हसत नाही हे पाहून ते थांबलं.

"कोन्ही सांगं तुले?"

"तुन्ही आंडेरनीच लिखं. तालुकामा पहिला नंबर उना तिना." प्रेमचंदने मोबाइल पुढे केला. शाळेच्या ग्रुपवर ललितभाऊंच्या लेकीचा, भूमिकाचा फोटो, फुलांची चौकट आणि खाली ठळक अक्षरात: 'माझे वडील आणि दारू. प्रथम क्रमांक.' निबंध शनिवारी बक्षीस समारंभात वाचून दाखवला जाणार होता. तोवर म्हसावदमध्ये सगळ्यांनी शीर्षक तेवढं वाचलं होतं, आणि गावाला तेवढं पुरतं.

भूमिका शाळेत निघण्याच्या घाईत होती. ललितभाऊंनी तिला दारातच गाठलं.

"हाई काय शे?"

"पप्पा, मी काय करू मंग?" ती वेणीला रिबीन बांधत म्हणाली. "मी मंगळ पाठ करेल व्हता. चिठ्ठीमा व्यसन निंघनं."

स्पर्धेत चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. इतिहास, विज्ञान, साहित्य आणि सामाजिक प्रश्न असे चार विषय. भूमिकाची विज्ञानाची तयारी अशी होती की चिठ्ठी बरोबर निघती तर तिने म्हसावदची निम्मी माणसं मंगळावर नेऊन सुखरूप परत आणली असती. निघालं 'व्यसन: कुटुंबाचा शत्रू'.

"सरनी सांगं, सोताना अनुभव लिखा, परीक्षकले आवडस. आपला घरमा कोणीच पेत नही. कोना अनुभव लिखू?"

घरात एक साधा दारुडा असू नये, ही जणू आईबापाचीच हयगय, असा तिचा सूर होता. भूमिकाची आई रंजिता आतून पोळी लाटता लाटता खुदकन हसली. तिच्याकडे पाहून ललितभाऊ जास्तच तापले.

"शनिवारले स्टेजवर जाईसन सांगी टाकसू. हाई खोटं शे म्हणीसन."

भूमिकाचा चेहरा उतरला. "मंग बक्षीसनी ढाल परत ली जातीन ना पप्पा. नंदुरबारले बी नही जाता येवाव. जिल्हाना निबंध शे." एवढं बोलून ती दप्तर उचलून गेली. वेणी अर्धीच राहिली.

"निबंध वाचेल शे का तुम्ही?" रंजिताने विचारलं.

"त्यामा वाचानं काय शे?"

"वाचा. मंग बोला."

ललितभाऊ वाचणारही होते. पण तेवढ्यात फोन वाजला. कुणाचा तरी केळीचा ट्रक बांधावर रुतला होता, आणि ललितभाऊंशिवाय तो निघणार कसा?

तसे ते साऱ्या गावाचे होते. सोयरिकीची बोलणी, भावाभावांची वाटणी, दवाखाना, तलाठी, बारशाचा मंडप, सगळीकडे पहिला फोन त्यांना. घराबाहेर त्यांचा शब्द झेलला जाई, आणि त्यांना तो मान मनापासून आवडे. म्हणूनच त्या आठवड्यात जे झालं ते फार लागलं. धानोऱ्याच्या सोयरिकीला त्यांना जायचं होतं. मुलाचा चुलता म्हणाला, "भाऊ, तुम्ही आराम करा, आम्ही इंद्रसिंगला नेतो." इंद्रसिंग! ज्याला स्वतःच्या लग्नात नवरीचं नाव आठवेना!

म्हणून शनिवारी ललितभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले ते भाषण तयार करूनच. मुलीवर रागवायचं नव्हतं. फक्त सत्य सांगायचं होतं. ढाल गेली तर दुसरी आणून देऊ, असंही त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

वीरसिंग सरांनी नाव पुकारलं. भूमिका माइकसमोर उभी राहिली. वडिलांकडे एकदा पाहिलं आणि कागदात डोकं घातलं.

"दारू हा समाजाला लागलेला कलंक आहे," तिने सुरुवात केली. ललितभाऊंनी मान डोलावली. इथवर त्यांची हरकत नव्हती.

"माझे वडील संध्याकाळी घरी नसतात. आई त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते. भाकरी गार होते. आई म्हणते, येतीलच. मग आम्ही जेवतो. ते येतात तेव्हा मी झोपलेली असते. सकाळी ते विचारतात, 'आठवीचा अभ्यास कसा चाललाय?' मी नववीत आहे."

मागे कुणीतरी च्‌ च्‌ केलं. ललितभाऊ खोटं वाक्य कुठलं ते शोधत होते, भाषणात नेमकं बोट ठेवता यावं म्हणून.

"नशा चढली की माणूस साऱ्या जगाला हो म्हणतो. माझे वडील साऱ्या गावाला हो म्हणतात. आम्हाला ते 'उद्या' म्हणतात. दरवर्षी ते मला काठी गावची होळी दाखवायला नेणार असतात. दरवर्षी मी नवा ड्रेस घालून ओट्यावर बसते. पण ते वाईट नाहीत. जेव्हा ते घरी असतात तेव्हा खूप हसवतात. म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

प्रेमचंद रुमालात तोंड खुपसून भोकाड पसरण्याच्या बेतात होता. ललितभाऊंनी पुन्हा शोधलं. ताट खरं. आठवी खरी. ड्रेस पिवळा होता, तोही खरा. अख्ख्या निबंधात खोटी होती ती फक्त दारू.

टाळ्यांच्या गजरात भूमिकाला ढाल मिळाली आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या पाहुण्यांनी माइक घेतला. "या लेकीचे वडील इथे आहेत. या, दोन शब्द बोला. लाजू नका."

ललितभाऊ वर गेले. घसा साफ केला. "मी दारू पीत नाही," ते म्हणाले.

"आजपासून!" पाहुणे आनंदाने ओरडले. टाळ्या.

"नाही, म्हणजे मी कधीच..."

"कधीच नाही! आता कधीच नाही!" आणखी टाळ्या. पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर शालसुद्धा घातली.

ललितभाऊंनी मुलीकडे पाहिलं. ती ढाल पोटाशी धरून उभी होती, आणि ती कुणीतरी हिसकावून घेणार असल्यासारखी तिची बोटं पांढरी पडली होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हात सवयीने खिशाकडे गेला. भूमिकाने नजर खाली वळवली. ती नजर ललितभाऊंनी आधी कितीदा पाहिली असेल, पण दिसली आज.

त्यांनी फोन काढला, कट केला.

"व्यसन होतं," ते माइकात म्हणाले. "मोठं होतं. घरच्यांना त्याचा त्रास झाला. आता सोडतो. संध्याकाळनंतर मी कुणाला सापडणार नाही. घरी असेन."

मैदानात डोळे पुसणं सुरू झालं. बायकांच्या रांगेत रंजिता एकटीच पदर तोंडात धरून हसत होती, आणि हसता हसता तीही डोळे पुसत होती.

घरी जाताना त्यांनी भूमिकाला विचारलं, "इतलं कसं सुचनं तुले?"

"दारू पेल माणूस कसा वागस माले माहीत नव्हतं," ती ढाल पुसत म्हणाली. "म्हणीसन तुम्ही कसा वागतस तेच लिखं. वरथीन थोडी दारू टाकी."

ललितभाऊंनी खांद्यावरची शाल काढून तिची घडी घातली. मग म्हणाले, "जिल्हाले मातर मंगळच लिख. चिठ्ठीमा काही बी येवो."

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. पहिला घास उचलला आणि फोन वाजला. सोयरिकीवाले धानोरेकर. दारू सोडलेला माणूस शब्दाला पक्का असतो, असं आता त्यांचं मत झालं असणार. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ललितभाऊंचा हात थरथरला.

"पहिला काही दिन असंच व्हस," रंजिता गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "प्रेमचंदभाऊना सालाले बी व्हयनं व्हतं."

भूमिकाने उठून फोन पाटावर ठेवला आणि रोज पप्पांचं जेवण झाकायचं ते ताट त्याच्यावर पालथं घातलं. फोन आत घुरघुरत राहिला. ललितभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला. भाकरी गरम होती, बोटं भाजली.