उलटा माग

मायालेनने भोंगा सेजच्या झुडपाखाली सरकवला, वर मूठभर वाळकं गवत टाकलं आणि आपल्याच उमटलेल्या पावलांत पाय देत मागे आली. रात्री वीतभर बर्फ पडलं होतं. एप्रिल उजाडला तरी वायोमिंगच्या त्या माळाला त्याची खबर नव्हती.

खडकाला पाठ लावून तिचा बाप बेट्टिरी बसला होता; ती त्याला आइता म्हणायची. खांद्यावर पांढरी चादर, मांडीवर पाटी.

"आइता, गार लागतंय का?"

त्याने मान हलवली. नाही.

तिने त्याच्या गळ्याभोवतीचा विणलेला रुमाल चाचपून पाहिला. ओलसर होता, हवा तसा. त्या रुमालाआड बोराएवढं भोक होतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोगासकट कंठच काढून घेतला, तेव्हापासून आइताचा श्वास तिथूनच आत-बाहेर करायचा. बोलणं पाटीवर. थंडीत शाईचं पेन चालत नाही, म्हणून शाळेतली जुनी पाटी आणि खडू.

ती त्याच्या पुढे दहा पावलांवर पोटावर आडवी झाली, रायफल टेकवली आणि हातातलं बटण दाबलं.

झुडपाखालून ससा ओरडायला लागला. जखमी ससा, फासात पाय अडकलेला. ओरडता ओरडता दम लागणारा, पुन्हा जिवाच्या आकांताने ओरडणारा. भोंगा नवा होता, पण ओरडणं जुनं होतं, आणि ते आइताचं होतं. बावीस वर्षांपूर्वी असे भोंगे बनवणाऱ्यांचा एक माणूस घरी आला होता. तीन दिवस राहिला, मेंढीच्या रश्श्यावर ताव मारला, आणि आइताने लाकडी पिपाणीतून काढलेले सगळे आवाज पेटीत भरून घेऊन गेला. जाताना एक जॅकेट देऊन गेला. अख्ख्या खोऱ्यात कोयोटींना बोलावणारा आइतासारखा दुसरा कोणी नव्हता.

चार मिनिटांनी समोरच्या उतारावर कोयोटी दिसला. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान, राखी. तो थांबला. कान भोंग्याकडे लावले. मग पाहुण्याला दारातूनच परतवावं तशी पाठ फिरवली आणि सावकाश, अजिबात घाई न करता, टेकाडापलीकडे उतरून गेला.

मायालेन उठून बसली. आइताने पाटी तिच्याकडे वळवली.

"मला ओळखलं. बसला मात्र नाही."

ती हसली नाही. नऊ दिवसांत अकरा कोकरं गेली होती. वीण निम्मी व्हायची होती, आणि रोज सकाळी कुठल्या तरी मेंढीचं आचळ तटतटलेलं आणि बाजूला कोणीच नाही. मेंढ्यांची निम्मी मालकी तिचा भाऊ मॅट्टिन याची. तो शहरात राहायचा. गुरुवारी त्याचा फोन आला होता.

"रविवारपर्यंत बघतो, मायालेन. आणखी एक कोकरू गेलं तर सोमवारी व्यापाऱ्याचे ट्रक दारात. आइताला मी इकडे घेऊन येतो. खोली चांगली आहे, खिडकीपण आहे."

खिडकीपण आहे. हे ऐकताना आइता फोनच्या बाजूलाच बसला होता. तो उठून गोठ्यात गेला होता आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत आला नव्हता. मेंढ्या गेल्या की हा माणूस त्या खिडकीशी एक उन्हाळासुद्धा काढणार नाही, हे मायालेनला सांगायला कोणी लागत नव्हतं. आज शनिवार होता.

दुसऱ्या जागी काहीच आलं नाही. तिसऱ्या जागी एक मादी आली, भोंग्याचा पहिला सूर ऐकला आणि शेपूट पायांत घालून पळाली.

दुपारी फाटकापाशी शेजारच्या रूलनची गाडी आडवी आली. काच खाली करून तो कोपरावर रेलला.

"काय मायालेन, घावलं काही?"

"वारा घावला."

"अगं, इथं आम्ही मागच्या शनिवारी तिघं जण बसलो होतो. तीन आले! पण ते पोरगं लेकाचं बंदूक धरतं की झाडू, दोन साफ चुकवले." मग मान वाकवून आइताकडे बघत आवाज चढवला. कंठ नाही म्हणजे कानही नाहीत असं त्याला वाटायचं. "काका! तुमचाच आवाज लावला होता बरं का! काय ससा ओरडतो, माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं!"

आइताने लिहून पाटी काचेला लावली. "तिला दोनदा ऐकवू नकोस. शिकेल."

रूलन खो खो हसला. मग हसू आवरत म्हणाला, "मॅट्टिन सांगत होता ट्रक येणार म्हणून. तुझे ते दोन मेंढे मी बघून ठेवू का? परक्याकडे जाण्यापेक्षा..."

"आधी तुझ्या पोराला बंदूक धरायला शिकव," मायालेन म्हणाली आणि गाडी पुढे काढली.

या धंद्यातली एकच गोष्ट कोणी कोणाला सांगायची गरज नसते. हाकेला आलेला कोयोटी चुकवला की तो शिकतो. पुन्हा त्या आवाजाला जन्मात येत नाही. आणि इथे तर खोऱ्यातल्या प्रत्येक गाडीत आइताचा आवाज होता, आणि प्रत्येक घरात एखादं चुकवणारं पोरगं. बावीस वर्षांत त्याच्याच आवाजाने अख्खं खोरं शहाणं केलं होतं.

चौथ्या जागेच्या आधी त्यांनी गाडीतच खाऊन घेतलं. तिने चीज आणि चोरिसो सॉसेज पावात घालून खाल्लं. आइताने पाव कॉफीत बुडवून मऊ केला आणि लहान लहान घास घेतले. हनुवटीवरून ओघळलेली कॉफी तिने बाहीने टिपली. त्याने तिचा हात बाजूला सारला, मग लगेच थोपटला.

मग त्याने आतल्या खिशातून पिपाणी काढली. जुनिपरच्या लाकडाची, अंगठ्याएवढी, दातांच्या खुणांनी झिजलेली.

"ती कशाला आणलीस?"

त्याने ती रुमालावरून गळ्यातल्या भोकापाशी टेकवून दाखवली.

"वेडबिड लागलंय का? डॉक्टर काय म्हणाले? गार हवा सरळ आत गेली की कफ वाळतो, खडा होतो, आणि वाट बंद. मागच्या हिवाळ्यात काय झालं होतं, विसरलास?"

आइताने लिहिलं. "डॉक्टरला मेंढ्या नाहीत."

तिने पाव कागदात गुंडाळला. उलगडला. पुन्हा गुंडाळला.

"दोनदाच फुंकायचं," ती शेवटी म्हणाली. "आणि दोन्हीच्या मध्ये रुमाल."

त्याने छातीवर क्रूस काढला. खोटं बोलताना तो हमखास क्रूस काढायचा.

मिठाच्या पाण्याची कुपी तिने आपल्या सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेला ठेवली. सोबत चिमटा.

चौथी जागा म्हणजे दोन टेकाडांमधली खोलगट. पलीकडे सेजची दाट पट्टी, तिच्या अलीकडे उघडं बर्फ. सहा वाजून गेले होते. वारा तोंडावर होता, चांगला होता. मायालेन पुढे आडवी झाली. आइता मागे, दगडाशी. बोलावणारा मागे, बंदूक पुढे, आणि एकदा बसलं की पुढच्याने मान वळवायची नाही. इतक्या उघड्यावर पापणी हललेली त्या जनावराला दिसते.

मागे रुमाल सोडल्याची सळसळ झाली. मग आवाज आला.

तिच्या मानेवर काटा उभा राहिला. हा ससा नव्हता. पाडस नव्हतं. फाटका, ओला, घरघरणारा आवाज, मध्येच चिरकून वर जाणारा, तुटणारा. कुठल्या जनावराचा म्हणून सांगता येणार नाही, पण ते जनावर मरतंय याबद्दल शंका नाही. असला आवाज या खोऱ्यात कधी कोणी काढला नव्हता. कुठल्याही पेटीत तो नव्हता.

दोन मिनिटं गेली असतील. सेजच्या पट्टीत राखाडी काहीतरी हललं.

मोठा नर होता. थांबला, नाक वर केलं, पुन्हा पुढे आला. पट्टीच्या कडेला, उघड्या बर्फाला लागून तो चक्क बसला, कुत्र्यासारखा, आणि डोकं तिरकं करून ऐकू लागला. कधीच न ऐकलेलं ऐकत होता.

त्याचं अंग झुडपांत होतं, दिसत होतं ते फक्त डोकं. हे अंतर, हा वारा, आणि तिची बोटं बधिर. चुकलं तर हा आवाजही गेला. उघड्यावर येऊ दे, ती मनात म्हणाली. असंच, आइता. असंच चालू ठेव.

तेव्हा मागे लाकूड दगडावर पडल्याचा बारीक आवाज झाला. टक्.

पिपाणी पडली होती.

आणि ओरडणं चालूच होतं.

आता त्यात लाकडाचा नाकातला सूर नव्हता. नुसती शीळ होती, चिंचोळ्या फटीतून आत ओढली जाणारी, आणि तिच्यामागे बर्फावर काहीतरी घासत होतं. टाच असेल. पुन्हा शीळ. आधीपेक्षा बारीक.

कोयोटी उठला.

मायालेनचा गाल रायफलच्या लाकडाला टेकलेला होता. तो तिथेच राहिला. कोयोटी एक पाऊल पुढे आला. थांबला. आणखी एक. शीळ आली, अर्ध्यात तुटली. कोयोटीचा कान फिरला. तो पुढे आला. मागची टाच एकदा जोरात घासली आणि घासायची थांबली. उघडं बर्फ, पूर्ण छाती, थोडा अजून, थोडा अजून वळ.

तिने श्वास सोडला आणि चाप ओढला.

कोयोटी जागच्या जागी बसकण मारल्यासारखा पडला. तो पडलेला तिने पाहिला, नीट पाहिला, आणि मग वळली.

आइता कुशीवर होता. ओठ जांभळे, डोळे उघडे, एक मूठ सेजच्या बुंध्याला आवळलेली. तिने गुडघ्यांत त्याचं डोकं धरलं, कुपी दातांनी उघडली, कोमट पाणी भोकात सोडलं, चिमटा आत घातला. पहिल्यांदा चिमट्यात काही आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. मक्याच्या दाण्याएवढी, रक्ताने माखलेली सुकी गाठ.

काहीच झालं नाही.

"आइता," ती म्हणाली. "आइता, ए आइता."

तिने दोन्ही तळव्यांनी त्याच्या छातीवर दाब दिला. एकदा, दोनदा. मग आतून मोठा खडबडीत श्वास ओढला गेला, आणि तो खोकला, पुन्हा खोकला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ओला रुमाल भोकावर धरून ती बराच वेळ तशीच बसून राहिली, बाळाला छातीशी धरावं तशी, पुढे-मागे झुलत. त्याच्या ओठांचा रंग हळूहळू परत आला. त्याने हात चाचपडत पुढे केला. पाटी हवी होती.

"पडला?"

"पडला."

त्याच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या गोळा झाल्या. त्याने पुन्हा लिहिलं, वाकडंतिकडं, एकेक अक्षर करत.

"हलली नाहीस. माझी पोर."

मायालेनने त्याला उठवलं, जवळजवळ उचलूनच गाडीपर्यंत नेलं, हीटर लावला, दोन्ही घोंगड्या गुंडाळल्या. मग ती कोयोटी आणायला गेली.

म्हातारा नर होता. सुळे झिजलेले, आणि त्यांच्या फटीत लोकरीचे दोन पिवळट धागे अडकलेले. हाच होता. कदाचित सगळी कोकरं यानेच नेली असतील. रविवार निघून जाईल. ट्रक येणार नाहीत.

तिने त्याचे मागचे पाय धरले. मग सोडले.

बर्फावर त्याच्या येण्याची रेघ स्पष्ट उमटली होती. ती त्या रेघेच्या कडेने उलटी चालत गेली. सेजच्या पट्टीपाशी बर्फात बसल्याचा गोल ठसा होता, मागे शेपटीचा फराटा. तो इथे बसलेला असताना पिपाणी पडली होती. त्या ठशापाशी ती उभी राहिली आणि तिथून वळून मेलेल्या जनावरापर्यंत पावलं मोजत आली. चौऱ्याऐंशी भरली. परत जाऊन तिने नुसते ठसे पाहिले. धावताना चारही पंजे एका ठिकाणी गोळा होतात, मध्ये उडीची जागा सुटते. इथे तसं कुठेच नव्हतं. पंजा, त्याच्या पुढे पंजा, त्याच्या पुढे पंजा. तीन ठिकाणी तो थांबला होता. एका ठिकाणी इतका वेळ, की पंजांखालचं बर्फ वितळून त्याची काच झाली होती.

तो चालत आला होता, पिपाणी पडल्यापासूनचा सगळा वेळ.

गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच, लहानसा. तिने कोयोटी ओढत नेला, मागच्या हौद्यात टाकला, हात बर्फाने पुसले आणि आत येऊन बसली. आइताच्या हातात दुर्बीण होती. मांडीवरच्या पाटीवर आधीच लिहिलेलं होतं.

"तिकडे काय शोधत होतीस?"

"रक्त," ती म्हणाली. "रक्त कुठवर सांडलंय ते."

आइताने तिच्याकडे पाहिलं. पडलेल्या जनावराच्या मागच्या वाटेवर, गोळी लागण्याच्या आधीच्या पावलांत रक्त नसतं, हे त्यानेच तिला सातव्या वर्षी बोट धरून दाखवलं होतं.

त्याने पाटी हाताने पुसली. खडू टेकवला. बराच वेळ तो तसाच टेकलेला राहिला, आणि त्याखाली फक्त एक पांढरा ठिपका उमटला. मग त्याने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि समोरच्या काचेतून, दिवस मावळत आलेल्या माळाकडे बघत बसला.

मायालेनने गाडी सुरू केली.