हाताळणीतली चूक

ऐक ना, मधे तोंड घालू नकोस. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशावाल्या काकू आहेत, त्यांची गोष्ट. सव्वीस वर्षं त्यांनी गावभरच्या पाइपलाइनी कागदावर हातानं काढल्या. आता ते सगळे नकाशे स्कॅन होऊन सर्व्हरवर गेलेत आणि काकू कॉम्प्युटरसमोर.

तर मंगळवारी फोरमनचा फोन. "काकू, दवाखान्यापाशी पाइप फुटलाय. वॉल्व्ह कुठाय, पटकन सांगा."

काकूंनी फाइलींची खिडकी उघडली, 'नेटवर्क'वर क्लिक केलं आणि खिडकीच गडप. परत उघडली, परत गडप. चारदा. तिकडे दुकानांत पाणी शिरलं. नकाशा बघितल्याशिवाय खणायचं नाही असा तिथला नियम, पण शेवटी काकूंनी डोळे मिटले नि सांगितलं, "दवाखान्याच्या कोपऱ्यावरून बारा पावलं, भिंतीला लागून खण." वॉल्व्ह निघाला की तिथंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलेलं: उशीर का झाला? हाताळणीतली चूक. खाली काकूंच्या सहीची जागा.

कॉम्प्युटरवाला हसत म्हणाला, "काकू, तुम्ही माऊस बडवता हो."

"बरं. मग तू बस माझ्या खुर्चीत, नि कर हळुवार क्लिक."

त्यानं केलं. गडप. मग म्हणे योगायोग. पुन्हा केलं, पुन्हा गडप. आता हसू पण गडप.

"जुन्या इमारतीतलं मशीन तू गेल्या सोमवारी उचलून नेलंस," काकू म्हणाल्या, "पण त्याचं नाव 'नेटवर्क'च्या यादीत अजून तसंच. हे बिचारं त्याला हाका मारतं नि कोसळतं. सोमवारपासनं केव्हा केव्हा बंद पडलं, त्या सगळ्या वेळा लिहून ठेवल्यात मी."

त्यानं ते नाव काढलं. खिडकी उघडली आणि उघडीच राहिली.

साहेब म्हणाले, "चला, मिटलं. पण वर तसंच कळवलंय, तेवढी सही टाका. फासावर नाही देत कुणी तुम्हाला."

"मग तुम्हीच टाका ना, साहेब."

"काकू, रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत. तक्रारींच्या खिडकीवर बसवतील."

"बसवू देत. माझं चुकलं असतं तर कान धरले असते. हे माझं नाही."

सोमवारी बदलीची ऑर्डर आली. काकूंनी पट्टी, पेन्सिली, चष्म्याचं घर पिशवीत घातलं, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली नि खाली गेल्या. आता दिवसभर नळाला पाणी नाही म्हणून लोकांचं ऐकून घेतात. फोरमन मात्र कुठं खणायचं ते विचारायला अजून त्यांच्याच खिडकीशी जातो.

कागद साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, सहीची जागा कोरी. तू असतास तर केली असतीस सही?