पटलेली गोष्ट

लेक वकील होती. तिच्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नव्हती. आयसीयूबाहेरच्या बाकावर ती आईला शांतपणे समजावत होती. बाबांचा मेंदू कायमचा थांबला होता आणि असं नळ्यांत अडकून पडणं त्यांना मुळीच आवडलं नसतं.

"अगं, पण यांची छाती हलतेय," आई म्हणाली.

"ती यंत्र हलवतंय, आई."

आईने पदराने डोळे पुसले. "पटलं बाई. सांग डॉक्टरांना."

आत बाबांच्या खाटेजवळ डॉक्टरांनी यंत्राकडे हात नेला, तशी लेकच ओरडली, "थांबा!"

"काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

कोर्टात कधी न अडखळणाऱ्या लेकीला एकही कारण सुचेना. आईने तिला कुशीत घेतलं आणि डॉक्टरांकडे बघून होकारार्थी मान हलवली.