निळी बाटली

सकाळी साडेसातला बाटली निळीच होती. रात्रभरात ती पिवळी व्हायला हवी होती.

बाईंनी ती प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उजेडात धरली. जिवाणू भरपूर होते, पण खायला दिलेल्या, रंग उतरवायच्या रसायनाला कुणी तोंड लावलं नव्हतं. लावलं असतं तर त्यातला क्लोरीन सुटून आम्ल झालं असतं आणि पाण्यातला निळा रंग पिवळा पडला असता.

"यांना काय घालत होतात?" त्यांनी सहकाऱ्याला विचारलं.

"फ्रीजर बिघडल्यावर एकच नळी वाचली ना. मरता मरता वाचलेले जीव, म्हणून जरा ताकदीचं दिलं. साखर, यीस्टचा अर्क. तुम्ही रजेवर होता तोवर रोज."

रसायन फोडणारी जनुकं या जिवाणूंकडे डीएनएच्या एका सुट्या, गोल कड्यावर असतात. आयतं गोड मिळायला लागलं की ते ओझं वागवतंय कोण? काही पिढ्यांत कडं टाकून मोकळे होतात.

"लाड केलेत," त्या म्हणाल्या.

"माझ्या आईनं माझेही केले," सहकारी म्हणाला आणि लगेच ओशाळला. बाईंचे वडील गेल्याच महिन्यात वारले होते. हे जिवाणू त्यांच्याच दुकानामागच्या गटारातले होते.

वडील जुन्या दारांचा रंग उतरवायचे. द्रावण ओतलं की रंग फुगून यायचा, मग पातं फिरवलं की तो एका हातात सुटायचा. त्यांच्या सदऱ्याला उग्र गोडसर वास असायचा. आई तो सदरा वेगळा भिजवायची, आणि बाई लहानपणी गुपचूप हुंगायच्या. पुढे शिकून आल्यावर त्यांनी दुकानामागचा चिखल बरणीत भरला, तेव्हा वडील कितीतरी वेळ हसत होते. पहिली बाटली पिवळी झाली तेव्हा मात्र चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिली. "म्हणजे माझ्या मागे साफ करणारं कुणीतरी होतं," एवढंच म्हणाले.

दुपारी बाई दुकानावर गेल्या. थोरल्या भावानं मागच्या अंगणात नव्या फरश्या बसवल्या होत्या.

"दादा, ही एक उचलायची."

"अगं, सिमेंट आत्ता कुठे वाळलंय. अख्खं दुकान सोडून तुला गटारच हवं?"

"गटारच हवं."

"बाबांचीच लेक," म्हणत त्यानं पहार आणली. फरशी निघाली, तुटली. खाली कोरडी माती होती. बाईंनी मूठभर घेऊन नाकाशी धरली. कसलाच वास नव्हता.

"काय गं?"

"वास नाही."

भावानं वडील टेकवायचे तशी पहार कोपऱ्यात टेकवली आणि आतून कुदळ घेऊन आला. "अजून खाली खणू का?" त्यानं विचारलं.

खालची माती काळी, ओलसर लागली. बाईंनी तीच नव्या निळ्या बाटलीत घातली, द्रावणाचा थेंब सोडला, बूच घट्ट लावलं. साखरेचा कण नाही.

आठवडाभर भाऊ रोज संध्याकाळी फोन करत होता. "जेवली का तुझी पोरं?" बाई नाही म्हणायच्या.

आज त्यांनीच फोन लावला. बाटली हिरवट दिसत होती. निळ्यातून पिवळ्याकडे जाताना हिरवा लागतो. पण बूच सैल राहून हवा शिरली, तर तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइडनंही तो लागतो.

"मग नक्की काय समजायचं?" हे ऐकून भावानं विचारलं.

"हिरवी आहे, दादा," बाई म्हणाल्या. "एवढंच सांगता येतं."