कारणाचा रकाना

सोजराबाई चौकीची पायरी चढल्या त्या नाइलाजानं. घर त्यांच्या नावावर होतं, आणि घरातला परदेशी माणूस दुसरीकडे राहायला निघाला, तर घरमालकानं येऊन अंगठा द्यावा, असं हवालदारानं बजावलं होतं.

परदेशी माणूस म्हणजे त्यांची सून, हालीना. लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, तिथं ती वाढली. छावणी उठली तेव्हा बाकीचे गेले. ही मागे राहिली आणि तिथल्या एका कारखान्यात फिटर असलेल्या ज्योतीरामशी तिनं लग्न केलं. ज्योतीरामला पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली, तशी दोघं चिंचवडला सोजराबाईंकडे आली. त्याला वर्ष झालं. सून मराठी बोले, पण कोल्हापूरच्या बायांसारखी, पुरुषी रूपात. "मी पाण्याला जातो," म्हणाली की सोजराबाईंच्या कपाळाला आठी पडे.

गेल्या महिन्यात हालीनाच्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला भावकीतलं कुणी जेवायला बसलं नाही. स्वयंपाक सुनेच्या हातचा होता. पत्रावळी तशाच गुंडाळल्या आणि त्याच संध्याकाळी सोजराबाई मुलाला म्हणाल्या, "तुमी येगळं ऱ्हावा." मुलानं तळेगावला खोली बघितली.

हवालदार रंगरावांनी हालीनाची नोंदवही उघडली. नागरिकत्वाचा अर्ज देऊन झाला होता, पण उत्तर नव्हतं. तोवर बिऱ्हाड हलवायचं तर आधी कळवणं भाग होतं.

"वळिवडे छावणी, मग कोल्हापूर, मग चिंचवड," रंगराव वाचत गेले. "त्याच्या आधी कुठं होता, बाई?"

"गावात. पोलंडला," हालीना म्हणाली. "धा वर्साची हुतो. पहाटे शिपाई आलं. अर्ध्या तासात निघा म्हनलं. आईनं गडबडीत उश्या घेतल्या, भाकरी घ्यायची ऱ्हायली. मग रशियात बर्फात लाकडं तोडायला. तितनं इराणला. आई तितंच गेली."

तिनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. सोजराबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. वर्षभर एका चुलीशी बसून त्यांनी तिला आईबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

रंगरावांनी वहीचं पान उलटलं. मग टाक दौतीत बुडवून म्हणाले, "जागा सोडण्याचं कारण?"

"लिवा, नवऱ्याची नोकरी," हालीना म्हणाली.

"नोकरी पिंपरीला हाय," सोजराबाई एकदम बोलल्या. "तळेगाव लांब पडतंय. सरकारी कागदावर खोटं नगा लिवू. मीच जा म्हनले तिला."

"असं लिहू, आजी? सासूनं घराबाहेर काढलं?"

सोजराबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "आज काईच लिवू नगा. चल गं घरी. भावकीचं मी बघते."

हालीना उठली नाही.

"न्हाई, आत्याबाई. खोली ठरलीया. मला आजवर दुसऱ्यांनीच हलवलं. शिपायांनी, छावणीच्या सायबानं. आता तुमी जा म्हनला, म्हनून जायाचं, आन तुमी ऱ्हा म्हनला, म्हनून ऱ्हायाचं, असं न्हाई करायचं मला." मग रंगरावांकडे वळून ती म्हणाली, "लिवा, सोताच्या इच्छेनं."

आवाजात राग नव्हता, म्हणून सोजराबाईंना ते जास्त लागलं. रंगरावांनी लिहिलं, वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी अंगठा उठवला. घरी येताना वाटेत हालीनानं त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

बिऱ्हाड गेलं. भावकीतल्या बाया पुन्हा येऊन बसू लागल्या. एकीनं "बरं झालं, ब्याद गेली" म्हटलं, तेव्हा सोजराबाई तिला "चहा झाला असंल तर नीघ" म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या एकट्याच गाडीनं तळेगावला उतरल्या. खोलीचा पत्ता त्यांनी मुलाला विचारलाच नव्हता; विचारायची लाज वाटली होती. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं विचारलं, "कुणाकडं जायचंय, आजी?"

"माझ्या सुनंकडं."

"नाव काय तिचं?"

सोजराबाईंनी ते नाव आजवर कधी उच्चारलं नव्हतं. घरात 'अगं' म्हणून भागत असे. एकदा जीभ अडखळली, दुसऱ्यांदा मात्र त्या नीट म्हणाल्या, "हालीना. हालीना ज्योतीराम."